पुरती दोन मिनिटं

"डॉक्टर, झोपेत याचा श्वास मधेच थांबतो हो," म्हणत बाईनं दुपट्यातलं बाळ पुढे केलं.

या तक्रारीवर डॉक्टर सबनीस वीस वर्षं मान वर न करता एकच वाक्य फेकत आले होते. "तान्ह्या बाळांचं असंच असतं. चला, पुढचा पेशंट." आया हायसं वाटून घरी जात.

पण पंधरा दिवसांपूर्वी, पंचेचाळिशीत, त्यांनाच मुलगी झाली. तेव्हापासून ते तिच्या नाकाखाली बोट धरून पाळण्यापाशी बसत. बोटाला पाच सेकंद श्वास लागला नाही, की सगळी पुस्तकं पाठ असूनही छातीत धस्स होई.

म्हणून आज त्यांनी खुर्ची पुढे ओढली. झोपलेल्या बाळाच्या पोटावर अलगद हात ठेवून, घड्याळ लावून, पुरती दोन मिनिटं श्वास मोजले. आजवर किती आयांना आपण नुसतं वाटेला लावलं, याची त्यांना लाज वाटली.

"अगदी ठणठणीत आहे," ते मायेनं म्हणाले.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरं काय ते सांगा, डॉक्टर. थोरल्याच्या वेळी तर तुम्ही बघितलंसुद्धा नव्हतं."