स्वयंपाकघरातली तालीम

“थांब. इथे रडायचं नाही, चिडायचं,” नवरा म्हणाला. “‘घर माझ्या पगारावर चालतं’ हे वाक्य जरा जोरात.”

बायकोने गॅस बारीक केला आणि वाक्य पुन्हा म्हटलं. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, तसा तो खूश झाला.

बेत त्याचाच होता. फर्निचरचं दुकान बुडालं होतं आणि घेणेकरी आता घरावर टपले होते. कागदोपत्री घटस्फोट घ्यायचा, घर तिच्या नावावर करून द्यायचं आणि गवगवा थंडावला की गुपचूप परत यायचं. वकिलाने एवढंच बजावलं होतं, की कोर्ट आधी समुपदेशक बाईंकडे पाठवतं आणि घर वाचवायला खोटं भांडणारी जोडपी त्या बाई बरोबर ओळखतात. तेव्हा भांडण खरं वाटलं पाहिजे.

स्वतःची त्याला काळजी नव्हती. कॉलेजात त्याने नाटकं बसवली होती आणि ती गोष्ट तो अजून कुणाला विसरू देत नसे. बायको मात्र चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवणारी, कधी आवाज न चढवणारी बाई. हिला हे कसं झेपणार, या विचाराने त्याचा जीव खालीवर होत होता.

पण पहिल्याच बैठकीत तिने कमाल केली.

“आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी पैसे बाजूला ठेवले होते,” ती बाईंना म्हणाली. “यांनी ते दुकानाच्या दर्शनी काचेत घातले. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. उद्घाटनाला आई आली आणि काच दिसली नाही म्हणून तिच्यावरच आपटली.”

हे त्याने लिहून दिलेलं नव्हतं. खरी घटना घालून तिने प्रसंगात जान आणली, याचं त्याला भारी कौतुक वाटलं.

बाईंची एक रीत होती. एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने ऐकलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवायचं, पदरचं काही न घालता. त्याने न अडखळता म्हणून दाखवलं. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हे ऐकून तुम्हाला काय वाटलं?” बाईंनी विचारलं.

“वाईट वाटलं,” तो म्हणाला आणि ठरल्याप्रमाणे मान खाली घातली.

पुढच्या बैठकांतही ती अशीच बोलत गेली. मुलीची थकलेली फी, माहेरी तोंड वेंगाडून मागितलेले उसने पैसे, ‘तुला व्यवहारातलं काय कळतं’ म्हणून त्याने तोडलेलं तिचं बोलणं. घरी येताना तो तिला शाबासकी द्यायचा.

“आता तालीम नको,” ती म्हणाली. “जमतंय मला.”

तरी त्याला एक खोट दिसत होती. “नुसता राग खोटा वाटतो गं. शेवटी थोडी माया दिसू दे,” तो म्हणाला आणि त्याने तिला एक वाक्य दिलं: ‘माझा अजूनही यांच्यावर जीव आहे, पण आता एकत्र राहणं होणार नाही.’

हे एक वाक्य काही तिच्या तोंडात बसेना. त्याने घोकून घेतलं, तरी ती मधेच अडायची. शेवटच्या बैठकीत तिने ते कसंबसं म्हटलं, खाली बघत. बाईंनी तिला पाणी दिलं आणि समेटाचा आग्रह धरण्यात आता अर्थ नाही, असा अभिप्राय दिला.

जिन्यात त्याने टाळीसाठी हात पुढे केला. तिने त्या हातात स्वतःची फाइल दिली आणि पर्स बंद केली.

सगळं त्याच्या मनासारखं झालं. घटस्फोट मिळाला, घर तिच्या नावावर झालं. तो मित्राच्या गोदामामागच्या खोलीत राहिला. शेवटी घेणेकरीही मिळेल तेवढ्यावर गप्प बसले. मग एका संध्याकाळी तो बॅग घेऊन घरी आला. किल्ली कुलपात फिरेना. त्याने बेल दाबली. साखळी न काढता तिने दार किलकिलं केलं.

“कुलूप बदललंस ते बरं केलंस. लोकांना खरं वाटलं असेल,” तो हळू आवाजात म्हणाला. “उघड आता. संपलं नाटक.”

“मी नाटक केलं नाही. बाई विचारत होत्या, मी सांगत होते.”

तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “आणि शेवटचं ते? माझ्यावर जीव आहे म्हणालीस, ते?”

“तेवढंच तुम्ही पाठ करून घेतलेलं,” ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.