ओकच्या रानातली वाट

"टेकडीवरून नको बाबा, ओकच्या रानातून जाऊ," नकाशावर बोट ठेवत शर्वरी म्हणाली.

इंग्लंडमधल्या लेकीकडे आलो की ही पांढरी टेकडी चढायची, हा माझा नेम होता. "माझ्या गुडघ्यांची कीव नको. सत्तरीतही रोज पर्वती चढतो मी; हे तर खडूचं ढेकूळ!"

"गुडघ्यांचं नाही हो, माझं आहे. तिसरा महिना लागलाय. मागची दोन्ही बाळं याच महिन्यात गेली."

चाळीस वर्षे मी स्त्रीरोगशास्त्र शिकवले. चढ चढल्याने गर्भ पडतो याला पुरावा नाही, हे वाक्य ओठांवर आले.

ते गिळून मी रानाकडचे फाटक उघडले आणि सपाट वाटेवरच्या ओल्या फांद्या छत्रीने बाजूला सारत तिच्यापुढे चालू लागलो.