बांधावरची भुकटी

"विष हाय ह्यात, बाई. तेवढं कागदावर लिहून द्या." नंदाबाईंनी स्टीलची डबी प्रयोगशाळेच्या ओट्यावर आपटली.

तळेगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाईंनी झाकण उघडलं. आत करडी-पांढरी भुकटी. दारात नंदाबाईंचा दीर नथू उभा होता. इंदुरीच्या पोलीस पाटलांनीच दोघांना पाठवलं होतं. तपासणी दोघांसमोर, मग ठाण्यात तक्रार.

"तुम्ही टाकलीत ही?" बाईंनी नथूला विचारलं.

"व्हय."

"काय आहे?"

नथू डबीकडं बघत राहिला.

"बोलंल कशाला! बाजारातनं लवकर आले म्हनून घावला. माज्या भाताच्या रोपात मुठीमुठीनं फेकत व्हता. दोन पोरी त्या तांदळावर वाढवल्यात मी. आधी माजा नवरा पळवला, आता रान जाळाया निघालाय."

"म्या न्हाई पळवला. दादा सोताहून गेला."

"कुटं गेला ते तुला ठावं हाय. नऊ वर्सं तोंडाला कुलूप घालून बसलायस. आता तुजी रवानगी बघ कुटं करते."

बाईंनी चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली. विरघळली नाही. दुसऱ्या नळीत ॲसिड घातलं. उंदराच्या औषधाला येतो तसा लसणाचा वास आला नाही. तारेच्या टोकावर कण घेऊन ज्योतीत धरले, ज्योत विटेसारखी लाल झाली.

"हे तर कॅल्शियम," बाई पुटपुटल्या.

"म्हंजी विषच ना?"

"थांबा हो जरा."

तिसऱ्या नळीत शेवटचं द्रावण पडलं. नळी ज्योतीवर कोमट केली आणि तळाशी पिवळंधमक काही साकळत गेलं, नवरीच्या अंगावर ओल्या हळदीनं उतरावं तसं. फॉस्फेट, हाडांत असतं ते.

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "विष नाही, नंदाबाई. जळालेल्या हाडांची भुकटी आहे. खत म्हणून घालतात. रोपं उलट जोमानं येतील."

नंदाबाई हसल्या. ते हसू ऐकवत नव्हतं.

"खत? माज्या दारात नऊ वर्सं पाय न टाकनारा ह्यो, माज्या रानाला खत घालतोय! काय रं नथ्या, माया आली व्हय?" त्यांनी पदर खोचला. "ऱ्हाऊ दे तुजं खत. तुज्या हातचं कायबी मला नको. उद्याच जेसीबी बोलावते. वीतभर माती खरवडून हायवेच्या गटारात टाकते."

नथू उंबरा ओलांडून आत आला.

"वयनी, माती नका काढू."

"का? तुजं काय पुरलंय तितं?"

नथूनं डबीचं झाकण हलक्या हातानं लावलं आणि डबी दोन्ही हातांत उचलून घेतली, निजलेलं मूल उचलावं तशी.

"ह्यो दादा हाय, वयनी."