लेक समोरच्या लॉजवर उतरली

लेकीची बॅग समोरच्या लॉजच्या पायऱ्या चढत होती आणि थोरली आपल्या काउंटरवरून ते बघत होती. पुढे जावई, त्याच्या खांद्यावर पेंगुळलेली नात, मागे लेक. लेकीनं रस्त्यापलीकडून हात हलवला, "येते गं आई थोड्या वेळानं!" असं ओरडली आणि आत गेली. जशी काही ही आई नव्हतीच, शेजारीण होती.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

समोरचं लॉज तिच्या धाकट्या जावेचं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याच्या अलीकडची इमारत थोरलीकडे आली, पलीकडची धाकटीकडे. तेव्हापासून थोरलीनं एकच ध्यास घेतला होता. धाकटीपेक्षा सरस राहायचं. थोरलीकडे फरशीत तोंड दिसायचं. चादरीला सुरकुती नाही, नळाला डाग नाही, गिऱ्हाइकानं बेल वाजवायच्या आत टॉवेल हजर. तरी मेली माणसं मुक्कामाला समोर जायची. लोक फोनवर लॉजबद्दल जे लिहितात ते ती रोज वाचायची. स्वतःबद्दलचं एकदा, धाकटीबद्दलचं दहादा. हिच्याबद्दल लिहायचे, 'स्वच्छ आहे.' धाकटीबद्दल लिहायचे, 'निघावंसंच वाटेना.' काय वाटेना! भिंतींना पोपडे आलेत त्या बाईच्या.

गिऱ्हाइकं नेली ते एक वेळ ठीक. धंदा म्हटला की चालायचंच. पण पोटची पोर? वर्षानं लेक येणार म्हणून थोरलीनं ऐन सीझनमध्ये सात नंबरची खोली अडवून ठेवली होती. सगळ्यात मोठी, मागच्या बाजूची, शांत. नवे पडदे, नवी गादी, नातीला छोटी उशीसुद्धा.

"काउंटर बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "आलेच मी."

"भांडायला चाललीस का?"

"छे! चौकशीला."

रस्ता ओलांडेपर्यंत तिनं चार वाक्यं जुळवली होती, एकापेक्षा एक झोंबणारी. दारातच धाकटी भेटली आणि म्हणाली, "या जाऊबाई, चहा टाकते."

"चहा राहू दे. माझ्या लेकीला कुठे कोंबलंस?"

"वर. जिन्यालगतची खोली." धाकटी हसली. हसणं तर असं, की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत व्हावी.

थोरली तरातरा वर गेली. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिची नजर घाण शोधायला लागली, आणि सापडली तसा तिला आनंदच झाला. पडद्याची एक कडी निसटलेली. बादली एका रंगाची, त्यातला मग भलत्याच रंगाचा. खिडकीच्या कट्ट्यावर तिनं बोट फिरवलं आणि ते बोट लेकीच्या नाकासमोर धरलं.

"बघ! ही तुझ्या काकूची टापटीप!"

"हळू, आई. आत्ताच झोपलीये ती." नात पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून पडली होती. न्हाणीघरात जावयाच्या अंघोळीचं पाणी वाजत होतं.

थोरलीनं आवाज खाली आणला, राग मात्र नाही. "काय जादू केलीये गं तिनं तुझ्यावर? शाळेत होतीस तेव्हाही ऊठसूट इथंच पळायचीस."

"जादू कसली? मला इथं झोप लागते."

"आणि माझ्याकडे काय, काटे पेरलेत?"

लेकीनं नातीचं पांघरूण सारखं केलं. मग थोरलीचं उसनं अवसान गळालं. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला.

"आईचं लॉज समोर आणि लेक काकूकडे! गिऱ्हाइकं तिची, कौतुक तिचं, आता पोरगीही तिचीच. हेवा वाटतो मला तिचा. घे, बोलले एकदाचं. एक रात्र तरी माझ्याकडे झोप गं."

धाकटी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं असणारच. "जा गं बाळा," ती लेकीला म्हणाली. "आईनं एवढी खोली लावून ठेवलीये. इथं काय, कधीही ये."

मनाचा मोठेपणाही हिच्याचकडे! थोरलीला तेही सोसवेना. पण लेक उठली. नातीचे कपडे घडी करून तिनं बॅगेत भरले, चेन लावली आणि म्हणाली, "बरं, चल." थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिनं धाकटीकडे असं बघितलं, जसा काही अख्खा रस्ता जिंकला. चहासुद्धा घेतला. साखर जास्त आहे म्हणाली, पण घेतला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा होता.

"अगं, मोठं कुटुंब आलंय. म्हातारी माणसं, पोरंबाळं. सभ्य दिसतायत. बाकी सगळं भरलंय, सात नंबर तेवढी आहे. काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता की काय! द्या, द्या सात नंबर. नाहीतर जातील इकडे समोर. आपल्या पोरीचं काय हो, काउंटरमागे गादी टाकली की झालं. लहानपणी गिऱ्हाईक आलं की कितीदा उठवायचो, तर उशी काखेत मारून गुपचूप चालू लागायची. सवय आहे तिला."

फोन ठेवून ती वळली. "चला, आटपा."

धाकटी जमिनीकडे बघत होती. लेकीनं बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि नातीचे कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

"काकूनं मला कधी उठवलं नाही, आई," ती म्हणाली.