कागदाचा भोपळा

दारच्या मांडवावर लाल भोपळ्याचा वेल चढला आणि सासूबाईंनी घराला ताकीद दिली, "कवळ्या फळाला कुणी बोट दावायचं न्हाई, सडतंय ते. दावायचंच झालं तर बोट दुमडून दावा."

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. ते नुसते हसायचे.

त्यातच आमच्या शेफालीने शाळेच्या प्रदर्शनासाठी रद्दी आणि कणकेची खळ घेऊन मोठा भोपळा केला आणि वाळायला पडवीत टांगला. ह्यांना आयतीच संधी मिळाली. सगळ्या घराला समोर उभं करून त्यांनी त्या कागदाच्या भोपळ्याकडे चांगलं पाच मिनिटं बोट रोखून धरलं. "बघू आता, हा कसा सडतो ते!"

श्रावणातली आमच्या वेल्हे गावची पावसाळी हवा ती. चौथ्या दिवशी भोपळ्यावर हिरवी बुरशी आली आणि शेफालीने हात लावताच त्याचं बूड गळून खाली पडलं. पोरगी ढसाढसा रडली.

सासूबाई म्हणाल्या, "कागदाचं असलं म्हून काय झालं? फळ ते फळच."

ह्यांनी शेफालीला जवळ घेऊन दमट हवा, कणीक, बुरशी, सगळं शास्त्र नीट समजावून सांगितलं. मग रविवारी बापलेकीने बसून दुसरा भोपळा केला.

प्रदर्शनात त्या भोपळ्यापुढे एक पाटी होती, ह्यांच्या सुरेख अक्षरातली.



"कृपया बोट दुमडून दाखवावे."