पाच वाजताचा मेसेज

लॅपटॉपची डिस्क गेली, तरी मी निर्धास्त होते. सहा वर्षं खपून जमवलेला सुतारकामाचा शब्दकोश कपाटावरच्या जुन्या लिनक्स मशीनवर रोज उतरत होता. आपोआप येणाऱ्या अपडेटनं बॅकअपचं सॉफ्टवेअर सारखं बंद पडायचं, म्हणून नवऱ्यानं दुरुस्तीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. तेव्हापासून रोज पाचला फोनवर मेसेज यायचा: ‘बॅकअप झाला. निश्चिंत राहा.’ मशीनमध्ये पाहिलं, तर शेवटची फाइल चौदा महिन्यांपूर्वीची. मी स्क्रिप्ट वाचायला घेतली. दुरुस्ती फसली तरी तोच मेसेज पाठवणारी एक ओळ होती आणि वर त्याची टीप: ‘एरर दिसली की बायको घर डोक्यावर घेते. तात्पुरतं.’ “अगं, रविवारी नीट करणारच होतो,” तो म्हणाला. “चौदा महिन्यांत एकही रविवार आला नाही?” पाच वाजले. माझा फोन थरथरला. ‘बॅकअप झाला. निश्चिंत राहा.’