स्पिरिट सुकेपर्यंत

स्पिरिटने पुसलेले पाते आधी मुठीजवळ सुकते, मग कोरडेपणा टोकाकडे सरकत जातो. सगळे पाते कोरडे झाले, तरी धारेजवळ एक ओली रेघ मागे राहिली. केसाहून बारीक, करंगळीच्या नखाएवढी लांब. क्षणभराने तीही गेली. सूलानने पुन्हा बोळा फिरवला. रेघ पुन्हा उमटली, त्याच जागी.

बाहेर अंगणात तिचा धाकटा भाऊ तेचांग तलवारीने कापून दाखवायची भिजवलेली गवती चटईची गुंडाळी खांबावर बसवत होता. चटईच्या पोटात हिरवा बांबू होता. कॅनडातल्या गिऱ्हाइकाने तसे मुद्दाम कळवले होते. जपानी धाटणीची ही तलवार त्याने लोंगच्वानला, चीनमधल्या या तलवारींच्या शहरात, स्वतःच्या हाताच्या मापाने, लांब मुठीची, घडवून मागितली होती. तो तलवार शिकवायचा आणि हिने त्याचे शिष्यही सराव करणार होते. पाठवण्याआधी ती घडवणाऱ्याने स्वतः चालवलेली त्याला व्हिडिओत पाहायची होती.

सूलान दारात आली. "तेचांग, इकडे ये जरा."

"चेहरा असा काय केलायस, ताई? आंबलेला टोफू खाल्ल्यासारखा."

"याही पात्याला भेग आहे."

त्याने वळून हौदाकडे पाहिले. वडील पाठमोरे होते, हात धूत होते.

"केवढी?"

"नखाएवढी."

"मग झालं तर. चटईच कापायची आहे ना. एवढा व्हिडिओ होऊ दे, नंतर नेहमीसारखं करू."

नेहमीसारखे म्हणजे शेजारच्या भट्टीतून चांगले पाते आणून त्याला ही मूठ चढवायची, वडिलांचे पाते भंगारात तळाशी दडपायचे आणि त्यांना सांगायचे, तलवार पोचली, गिऱ्हाईक खूश आहे.

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पाण्यात बुडवण्याआधी पोलाद किती तापले, हे ते काळे पडदे ओढून, अंधारात, नुसत्या रंगावरून ठरवत. हल्ली रंग त्यांना मंद दिसे. म्हणून ते थांबत, पोलाद हवे त्याहून जास्त तापे आणि पाण्यात जाताच तडके. सूलान धातुशास्त्र शिकली होती. शेजारी उभी असताना तिला रंग पुढे गेलेला दिसे आणि ती गप्प राही. गल्लीतल्याच दुसऱ्या भट्टीच्या चौकाकांना त्यांच्या मुलाने एकदा सांगितले होते, रंग तुम्हाला दिसत नाही म्हणून. त्या दिवसापासून चौकाकांनी हातोडा धरलेला नाही; जेवायलाही भट्टीकडे पाठ करून बसतात.

"आणि पातं मोडलं तर?" ती हळू आवाजात म्हणाली. "पुढचा तुकडा कुठे जाईल, कळतंय का तुला?"

"तुला सगळीकडे मोडतोडच दिसते." मोबाइल घेऊन तो खांबापलीकडे, अगदी समोर जाऊन उभा राहिला. "बाबा, समोरून घेतो. चेहरा आला पाहिजे. आणि जरा हसा, लग्नाच्या फोटोतल्यासारखं नको."

"तेव्हा तुझ्या आईनं पाय तुडवला होता माझा," वडील म्हणाले. हात पुसत ते आले आणि त्यांनी सूलानपुढे हात केला. "आण."

तिने तलवार दिली, पण बोटे मुठीवरून निघेनात.

"सोड की." ते तिच्याकडे पाहत होते, किंवा ती जिथे असावी तिथे. "काही सांगायचंय?"

"नाही, बाबा."

त्यांनी पात्यावर नखाने टिचकी मारली. तलवार चालवण्याआधी ते नेहमीच अशी मारत, नाद ऐकायला. नाद उठला आणि लवकर विझला. त्यांनी पाते कानाशी नेले, डोळे मिटले आणि पुन्हा टिचकी मारली.

"चला बाबा, ऊन जाईल," तेचांग ओरडला.

"तेचांग, तिथून नीघ."

"का?"

"माझ्या मागे येऊन उभा राहा."

"मागून काय दिसणार? पाठ?"

"पाठच दिसू दे. सूलान, तूही मागे हो."

तेचांग कुरकुरत मागे आला. बाबांना कळले होते. कळूनही ते चालवणार होते. मोडलेला तुकडा बहुधा समोर उडतो, कधी उलटूनही येतो, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवले होते, खांद्यावरचा व्रण दाखवून.

वडिलांनी पाय रोवले. त्यांची मान मागून फार बारीक दिसत होती. चटईतून पाणी ठिबकत होते. त्यांनी दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर नेली आणि श्वास घेतला.

"बाबा, थांबा."

तलवार वरच राहिली.

"पात्याला भेग आहे. याच्या आधीच्या दोन्ही पात्यांना होती. ती आम्ही पाठवलीच नाहीत."

तेचांगने तिचा दंड धरला. "ताई!"

वडिलांनी मागे वळून पाहिले नाही.

"पुढे बोल," ते म्हणाले.

सूलानने भावाचा हात सोडवला.

"उद्यापासून भट्टीपुढे मी उभी राहणार. रंग मी बघणार."